गायब पर्याय

भाड्याच्या घरांच्या वेबसाइटवरचे फिल्टर तिनंच बनवले होते. ज्या पर्यायात एकही घर नसेल तो दाखवायचाच नाही, हा नियमही तिचाच. उगाच कोणाचा हिरमोड कशाला?

आज जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःसाठीच घर शोधत होती. नवऱ्याला पत्ता लागू न देता भरलेली बॅग टेबलाखाली होती. तिनं परवडेल ते भाडं निवडलं, ऑफिसजवळचा भाग निवडला आणि 'कोणासाठी?' उघडलं. कुटुंब, विद्यार्थी, नोकरदार पुरुष.

शेजारचा टेस्टर डोकावला. "मॅडम, यात 'एकटी बाई' पण होतं ना? बग आहे का?"

"नाही. बरोबर चाललंय."



तिनं पायानं बॅग आणखी आत सरकवली आणि नवऱ्याला फोन लावला, "येताना काही आणायचंय का?"