खिडकीकडे

“वर,” खुशी म्हणाली. “खिडकीकडे. खिडकीकडे. खाली. दाराकडे.”

जीनाची छडी अजून पहिल्याच अक्षरावर होती.

सुरुची मागच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. पाच वर्षांच्या लेकीच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. डाव्या डोळ्यात सात महिन्यांपूर्वी कुणा दुसऱ्याचं बुबुळ बसवलं होतं. ते स्वच्छ राहिलं होतं. पण त्यातून बघायला डोळा शिकतोय का, ते समोरचा तक्ता सांगणार होता. तक्त्यावर नुसते इंग्रजी ई, कुणी उताणे, कुणी आडवे. त्यांचे पाय कुठल्या बाजूला ते सांगायचं.

“खिडकीकडे म्हणजे?” जीनाने विचारलं. वसईच्या त्या दवाखान्यात डोळे तपासायचं काम तिचं. “इथे कुठेय गं खिडकी?”

खोलीला एकच दार होतं, तेही खुशीच्या पाठीमागे.

सुरुचीने पर्सचा पट्टा मुठीत धरला. चंदनसारला त्यांच्या घरी फ्रिजवर हाच तक्ता चिकटवलेला होता. फ्रिजच्या डावीकडे खिडकी, उजवीकडे दार.

जीनाने खणातून दुसरा तक्ता काढला आणि पहिल्याच्या जागी लटकवला. “आता सांग, बाळा.”

“वर. खिडकीकडे. खिडकीकडे. खाली…”

“मॅडम, मीच तक्त्याचा फोटो काढला होता,” सुरुची म्हणाली. “पहिल्यांदा आलो तेव्हा. प्रिंट काढून लावली. रोज दुधाआधी घेते तिच्याकडून. म्हटलं, सराव होईल.”

“पाढे आहेत का ते, ताई?” जीना फाईलची पानं मागे उलटू लागली. “म्हणजे गेल्या वेळच्या चार ओळी…”

“त्याही.”

“त्या चार ओळींवर डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावरची रोजची पट्टी सहा तासांची दोन तासांवर आणली. दोन महिने गेले ना फुकट! या वयातच शिकतो हो डोळा. नंतर नाही शिकत.”

सुरुचीला ते ठाऊक होतं. तिने सगळं वाचलं होतं. लाली आली का, पाणी येतंय का, उजेड सोसतो का, रोज सकाळी ती टॉर्च लावून बघायची. औषधाचा एक थेंब चुकू दिला नव्हता.

“नव्याने करू.” जीनाने छडी सगळ्यात मोठ्या अक्षरावर टेकवली. “हा?”

खुशीने मान मागे वळवली. “आई, हा आपल्यातला नाहीये.”

“आईकडे नाही बघायचं.”

“पण आई चिडेल.”

“नाही चिडणार,” सुरुची इतक्या घाईने म्हणाली की कुणालाच पटलं नाही.

जीनाने छडी ठेवली. स्टूल ओढून ती खुशीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर बसली आणि बोटं वर केली.

“किती?”

“तीन.”

“आता?”

“एक.”

ती थोडी मागे सरकली. “आणि आता?”

खुशीने बोटांकडे बघितलंच नाही. बोटांच्या बाजूला कुठेतरी बघत ती म्हणाली, “तुमच्या एकाच कानात मोती आहे.”

जीनाचा हात कानाकडे गेला. “अरे देवा! पाडला की काय!” ती स्टुलाखाली वाकली, तिथूनच हसत सुटली. “ऐकलंत का, ताई? मी हिच्या ओळी मोजतेय, आणि ही माझे मोती!”

सुरुची हसली नाही. ती खुशीसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिचं बोट पट्टीच्या कडेवरून फिरत होतं. भुवई, गाल, मग नाकाजवळची चुणी. तिथे फट राहिलीय का, ते चाचपत थांबलं.

“आई,” खुशी म्हणाली, “चिकटलीय गं पट्टी.”