बारावं मशीन

राजारामपुरीतला कॉम्प्युटर क्लास पारस आणि प्रसेनजीत या दोघांनी नऊ वर्षं मिळून चालवला होता. रविवारी पारसनं तिथला सर्व्हर उचलला आणि वारणानगरात स्वतःचा क्लास थाटला. एका डब्यात जेवलेला माणूस, पण एका शब्दानं बोलला नाही. प्रसेनजीतला कळलं ते सोमवारी, बाराच्या बारा मशिनं सुरू होईनात तेव्हा.

सुरू होताना ती आधी सर्व्हरलाच शोधायची. प्रसेनजीतनं एकेकाच्या सेटिंगमध्ये जाऊन, सुरू होताना आधी कुठं शोधायचं त्या क्रमात नेटवर्क खाली ढकललं आणि हार्ड डिस्क वर आणली. अकरा मशिनं निमूट सुरू झाली.

बारावं त्याचं स्वतःचं. त्यात मात्र पुन्हा पुन्हा नेटवर्कच वर यायचं. वैतागून त्यानं केबल उपटली.

तरी पडद्यावर अक्षरं उमटली: सर्व्हर सापडला.

मग वारणानगरच्या क्लासच्या विद्यार्थ्यांची यादी उघडली आणि कुणीतरी तीत नावं भरू लागलं. प्रत्येक नावापुढं दोनदा स्पेस पडत होती. ही खोड फक्त प्रसेनजीतची. त्याचे दोन्ही हात तर मांडीवर होते.

त्यानं फोन लावला. "पारस, माझ्या जागी कुणाला बसवलंयस रं?"

"कोण बोलतंय?"

"आवाजबी वळखंनास व्हय? प्रसेनजीत बोलतोय!"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. पडद्यावरची अक्षरंही थांबली.

"प्रसेनजीत हितं माझ्या शेजारी बसलाय की," पारस म्हणाला. "सर्व्हर उचलायला त्योच तर हुता संगं. तुम्ही कोण, पावणं?"