उजवा हात

राखीपौर्णिमेच्या दिवशीच वाळवंटाच्या सेत देवानं ऋतुराजचे तुकडे तुकडे करून नाथसागरात भिरकावले. त्याच्या बहिणीनं, श्रेयानं, मगरींची पोटं फाडून एकेक तुकडा ओढणीत गोळा केला. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव काठावर बसून ते शिवत होता. शेवटी त्याची सुई थांबली.

"उजवा हात सेतनं जाळून टाकलाय. त्याच्याबिगर तुझा भाऊ उठायचा नाय, पोरी."

"दुसऱ्या कुणाचा चालंल?"

"रक्ताच्या नात्याचा असंल तर."

श्रेयानं खंडोबाचं नाव घेतलं, आपला उजवा हात दगडावर ठेवला आणि डाव्या हातानं कोयता हाणला. रक्ताची चिळकांडी देवाच्या तोंडावर उडाली.

दिवस कलता कलता ऋतुराजनं डोळे उघडले. नवा हात बघून तो किंचाळलाच, "अगं ए बये, मेंदी? बांगड्या? बजाजनगरातली पोरं लई हसतील ना मला!"

"हसू दे. पुढं कर तो."

सकाळपासून कमरेला खोचलेली राखी तिनं काढली. एका हातानं गाठ बसेना. मग दातांत दोरा धरून तिनं स्वतःच्याच मनगटावर भावाची राखी बांधली.