नन्नाकाकांचा होकार

"चांगली आहे योजना. माझी काही हरकत नाही," नन्नाकाका म्हणाले, आणि आत्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

टेबलाभोवती घरातली नऊ माणसं बसली होती. योजना मांडणारी पुतणी अजून उभीच होती. तीन वर्षं तिने या एका दिवसासाठी रक्त आटवलं होतं, आणि काकांच्या एका होकाराने सगळ्यावर पाणी पडलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, पण या घराची रीतच उलटी होती. आजोबांनी कुलपांच्या कारखान्यापासून सुरुवात केली. कुलपांमागून पत्र्याची कपाटं आली, कपाटांना रंग लागतो म्हणून रंग आला, मग सिमेंट, मग जहाजं, मग विमा. लोक म्हणत, म्हाताऱ्याला दूरदृष्टी आहे. म्हातारा म्हणे, कसली दूरदृष्टी, मला चष्म्याशिवाय किल्लीचं भोक दिसत नाही! त्याचा नियम एवढाच होता: ज्याला वाटेतला खड्डा दिसतो, त्यानेच गाडी हाकायची. नवा धंदा मांडला की जो त्याला सगळ्यात जोरात विरोध करेल, त्याच्याच हाती त्याची सूत्रं. आणि कुणालाच खड्डा दिसला नाही, तर कुणी नीट पाहिलंच नाही असं समजायचं आणि योजना बासनात गुंडाळायची.

त्यामुळे काका चाळीस वर्षं नन्नाचा पाढा म्हणत आले होते. जहाजं बुडतील म्हणाले, जहाजं त्यांच्याच गळ्यात पडली. सिमेंटला ओल धरेल म्हणाले, दोन वर्षं गोदामात मुक्काम ठोकावा लागला. आज घराचे अकरा उद्योग होते आणि त्यातले सहा काकांच्या नकारावर भक्कम उभे होते. एका चुलतभावाने एकदा खुर्चीच्या लोभाने लटका विरोध करून पाहिला होता. आजोबा म्हणाले, "खड्डा कुठाय तो दाखव." बिचारा अजून शोधतोय.

पुतणीची योजना कानाच्या यंत्रांची होती. कमी ऐकू येणाऱ्या साध्या माणसाला परवडेल असं छोटं यंत्र तिने रंगाच्या जुन्या कारखान्यामागच्या खोलीत स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. काका विरोध करतील, वर्षभर तेच कारभार बघतील, आपण हाताखाली राहू आणि मग तो आपल्याकडे येईल, असा तिचा हिशोब होता. काका 'हो' म्हणतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिचे वडील घरातले थोरले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आणखी कुणाला काही दिसतंय?"

कुणाला काही दिसत नव्हतं. योजना इतकी गुळगुळीत होती की बोट ठेवायला जागा नव्हती. तिनेच ती घासून तशी केली होती.

"मग ठेवू बाजूला," थोरले म्हणाले. मुलीकडे बघणं मात्र त्यांनी टाळलं.

"थांबा, बाबा. मला दिसतंय."

"अगं, योजना तुझीच ना?" आत्या म्हणाली.

"म्हणूनच दिसतंय."

तिला लाज वाटत होती आणि तरी ती बोलली. "चाळीस जणांना यंत्रं वापरायला दिली. त्यातल्या सतरा जणांनी आठ दिवसांत ती खणात टाकून दिली. मी अहवालात उरलेल्या तेविसांचंच लिहिलं. बॅटरीचं झाकण म्हाताऱ्या बोटांना उघडत नाही. प्रत्येकाच्या कानाप्रमाणे यंत्र लावून द्यावं लागतं, आणि आपल्या दुकानदारांना कुलूप विकायची सवय, विकलं की विषय संपला. बिघडलं तर दुरुस्तीला महिना, तोवर माणूस परत बहिरा. शिवाय लोकांना चारचौघांत ते लावायची लाज वाटते, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही."

मग ती खाली बघत म्हणाली, "आणि पाचवा खड्डा मी आहे. यंत्र नको म्हणणाऱ्यांचा मला राग आला. ते काय सांगत होते, ते मी ऐकूनच घेतलं नाही."

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"बुजवायला किती दिवस लागतील?"

"दीड वर्ष. आणि दहा माणसं द्या. ती काही विकणार नाहीत, नुसती लोकांच्या घरी जाऊन बसतील."

"दिली," थोरले म्हणाले. "हाक आता गाडी."

आत्याने टाळी वाजवली आणि उरलेला चहाही सांडला. पुतणीला इतका आनंद झाला की तिला आधी रडूच आलं, मग हसू.

माणसं पांगली तसं तिने काकांना जिन्यात गाठलं. ते कठडा धरून सावकाश उतरत होते, सुट्टी लागलेल्या माणसासारखे खुशीत.

"काका, खरं सांगा. तुम्हाला एकही खड्डा दिसला नव्हता?"

"न दिसायला काय झालं? काल अख्खी दुपार तुझी योजना घेऊन बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिच्या खांद्याचा आधार घेतला.

"यंत्र जुळवणारीला जास्त खड्डे दिसणार, हे ठाऊक होतं. मला तीनच सापडले होते."