पुलापलीकडचा राक्षस

लहानपणी दादाबरोबर खेळलेला तो तलवारी आणि जादूचा गेम धाकट्यानं हौसेनं नव्या कॉम्प्युटरवर टाकला, आणि दोनच मिनिटांत त्याचं डोकं फिरलं. गेममधलं धुकंच गायब. पूर्वी चार पावलांपुढचं दिसायचं नाही. आता दरी, पूल, पार टोकापर्यंतची जमीन, सगळं पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं उघडं पडलेलं.

त्यानं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "नव्या ग्राफिक्स कार्डांना ते जुन्या पद्धतीचं धुकं दाखवताच येत नाही," तो म्हणाला. "बाकी गेम होता तस्साच आहे."

"एवढं महागाचं कार्ड आणि साधं धुकं जमेना. थूः." शिव्या घालतच धाकटा गेममधल्या पुलापाशी पोचला आणि सवयीनं थबकला. इथे आलं की दादा दरवेळी माउस हिसकावून घ्यायचा. "पलीकडे धुक्यात राक्षस आहे. तुला झेपायचं नाही. सरक, मी बघतो." पुढचा सगळा गेम मग दादाच खेळायचा.

पुलापलीकडे राक्षस नव्हता. खात्री करायला तो टोकापर्यंत जाऊन आला. साधा उंदीरही नव्हता; नुसतं गवत, आणि पुढच्या गावाची सरळ वाट.

कार्डाला घातलेल्या शिव्या त्यानं मनातल्या मनात परत घेतल्या आणि फोन उचलला.



"दादा, बाबांचा छापखाना मला झेपायचा नाही, असं काल म्हणालास ना? उद्या सकाळी येतोय मी, बघायला."