बापाचं घंगाळ

प्रांजलीनं घंगाळाच्या काठावर अ‍ॅसिडचा बोळा फिरवला आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच हात जोडले. देवही दोघींचा एकच होता, खंडोबा. घंगाळ माझ्याच बापाचं, अशी त्याचीच शपथ दोघींनी घेतली होती.

चिकलठाण्याच्या कारखान्यातली धातू तपासायची प्रयोगशाळा रविवारी बंद असते. तिथंच कामाला असलेल्या प्रांजलीनं साहेबांना गळ घालून ती उघडून घेतली होती. नात साळूबाईंची, पण लहानाची मोठी झाली सुगंधाबाईंच्या मांडीवर. म्हणून तिचा निकाल दोघींना मान्य होता.

सुगंधाबाई थोरली जाऊ, साळूबाई धाकटी. माहेर एकाच गावचं. लग्नात दोघींच्या बापांनी एकेक तांब्याचं घंगाळ दिलं, दोन्हींच्या काठावर अक्षरं ठोकलेली. एक घंगाळ चोरीला गेलं. उरलेलं शहागंजात पॉलिशला दिलं, तर त्या भल्या माणसानं इतकं मन लावून घासलं की अक्षरंही गेली. घरात वाचणारं कुणी जन्माला यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून दोघींचा अबोला. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते शेळीला सांगितलं जाई, समोरचीनं ऐकावं म्हणून. आता मुलांनी घर वाटून घेतलं, शेळ्याही वाटल्या. घंगाळ तेवढं अडून बसलं.

सुगंधाबाईंना घंगाळाचा सोस नव्हता. पण साळूबाई चारचौघींत म्हणायच्या, हिच्या बापानं हिला रिकाम्या हातानं धाडलं. ते काळजात रुतून बसलं होतं. जन्मभर मेंढरांमागं अनवाणी फिरलेल्या बापाचं नाव एकदा सगळ्यांसमोर वाचलं जावं, मग डोळे मिटायला हरकत नाही, असं त्यांना वाटे.

"नाव तर घासून गेलं की गं. आता कसं दिसंल?" साळूबाईंनी विचारलं.

"वरचं गेलं, आजी. छिन्नीवर हातोडा पडला तेव्हा खालचं तांबंही चेंगरलं. तांब्यात बारीक बारीक कण असतात. ते तिथं दबून चपटे झाले, कडक झाले, आणि आत अजून तसेच आहेत. अ‍ॅसिड त्यांना आधी खातं, मग अक्षर वर येतं. हे कधी चुलीवर ठेवलं नव्हतं ना?"

"आंघोळीचं घंगाळ चुलीवर कोण ठेवतंय, माय?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"मग बरं. लालभडक तापलं की कण नव्यानं तयार होतात. तांबं सगळं विसरून जातं. मग कुणाच्या बापाला काही सापडत नाही."

काठावर काळपट रेघ उमटली. मग अक्षर आलं.

"श्री," प्रांजलीनं वाचलं.

दोघींचे चेहरे उजळले. श्री तर दोन्ही बापांना लागत होतं. सुगंधाबाईंचे डोळे भरून आले. बाप दारात उभा असावा तसा त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला. प्रांजलीनं आणखी एक बोळा फिरवला, वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"वाच की," सुगंधाबाई म्हणाल्या.

"श्री खंडोबा देवस्थान. पंगतीचं भांडं. घरी नेऊ नये."

सुगंधाबाईंना लग्नाच्या आदल्या दिवशीचा बाप आठवला. उशिरा आला होता, घामाघूम, घोंगडीत काहीतरी गुंडाळून. त्यांना धड रडू येईना, धड हसू येईना. रिकाम्या हातानं नव्हतंच धाडलं त्यानं. त्यांनी हळूच साळूबाईंकडं पाहिलं. साळूबाईंचाही चेहरा उतरला होता. घोंगडी त्यांच्या बापाकडंही असणारच.

"मग आता द्यायचं कुणाला?" प्रांजलीनं विचारलं.

"हिचंच हाय ते," दोघी एकदम म्हणाल्या.

मग सुगंधाबाईंनी घंगाळ मांडीवर ओढलं, काठावर पदर टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मध्ये शेळी न घेता, जावेशी बोलल्या.

"साळू, लालभडक व्हईल एवढ्या गवऱ्या हायत का गं घरी?"

"हायत, बाई. फुंकायला मी बसते."