उत्तमरावांच्या नावाची नळी

औषध लागू पडणार नाही, असं रिपोर्टात आलं. पण अकोल्याहून अमरावतीची गाडी सुटली आणि बापलेकांनी ठरवून टाकलं, की रिपोर्ट आलाच नाही.

उत्तमरावांच्या यकृतात गाठ निघाली होती. नवं औषध शरीराचीच फौज गाठीवर सोडतं. ती लढेल की पळेल, हे रक्तातल्या खुणा आधीच सांगतात, असं डॉक्टर म्हणाले होते. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला हा लाइनमन सुईला मात्र टरकून. लॅबवाली बाई रक्त घ्यायला अमरावतीत राजापेठेतल्या घरी आली, तेव्हा ते संडासात कडी लावून बसले. बाहेर आले तर नळ्या भरून डब्यात गेल्या होत्या, बाईला अजून चार घरं करायची होती, आणि अंकुर शर्टाची बाही खाली ओढत म्हणत होता, "झालं बाबा. भेऊ नका."

आज अकोल्यात डॉक्टरांनी रिपोर्टातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "फारच वर गेलाय."

"गाठ नसलेल्या माणसाचा एवढा येते का?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाही हो, काका."

"पुन्हा तपासलं?"

"दोनदा."

उत्तमरावांनी अंकुरचा हात घट्ट धरला. ते पाहून डॉक्टरांनाच भरून आलं. "बाबांना जपा," ते अंकुरला म्हणाले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला उत्तमरावांनी भजे घेतले. अंकुरने हात लावला नाही. बापाच्या काळजीनं पोराचं जेवण महिनाभरापासून तुटलं होतं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"खाय ना."

"मन नाही."

"तुया मायले सांगू नको."

"तुमीबी नका सांगू."

"मी काहून सांगू? माया तोंडात भजं आहे."

अंकुर हसला. मग खिडकीकडे तोंड करून बसला, तो बडनेऱ्यापर्यंत.

घरी आल्यावर उत्तमरावांनी कागद घेतला. नोकरीत बदलीचे अर्ज लिहून हात बसलेला होता.

"मा. डॉक्टरसाहेब, विषय : नावाबाबत. मी सुईला भ्यालो असल्याने सदर रक्त माझा मुलगा चि. अंकुर, वय २९, याने माझ्या नावावर दिले होते. तरी रिपोर्ट, आकडा व गाठ माझ्याच नावावर कायम ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."